खोलीचा रंग : भाव कशाचा ठरवावा?

"एक खोली रंगवायला किती घ्याल?" हा प्रश्न पेंटरला रस्त्यात, चहाच्या टपरीवर, नमाजहून परतताना, कुठेही विचारला जातो आणि बहुतेक वेळा त्याचे उत्तरही तिथल्या तिथेच दिले जाते. खोली दहा बाय बाराची आहे एवढे कळले की मजुरीचा आकडा तोंडातून बाहेर पडतो. सहा हजार. ग्राहक पाच म्हणतो, साडेपाचवर सौदा ठरतो. खोली कोणी पाहिलेली नसते, भिंतीला कोणी हात लावलेला नसतो. मग काम अर्ध्यावर आले की एकाला वाटते आपण बुडालो आणि दुसऱ्याला वाटते आपल्याला फसवले जात आहे. खरे पाहता दोघांपैकी कोणीही लबाड नसतो. भाव ठरवण्याची पद्धतच चुकलेली असते.

आमच्या वाचकांत रंगकामाचे कारागीर बरेच आहेत, हार्डवेअर आणि रंगाचे दुकानदार आहेत, आणि घर किंवा दुकान रंगवून घेण्याची वेळ तर प्रत्येकावर येते. म्हणून या धंद्याचा हिशेब या पानावर एकदा सविस्तर मांडणे गरजेचे वाटले. उदाहरणासाठी आम्ही जिंतूर तालुक्यातील येलदरी हे गाव घेतले आहे. पूर्णा नदीवरचे धरण १९६८ साली पूर्ण झाले तेव्हापासून मराठवाड्यात हे नाव सर्वांना ठाऊक आहे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने येलदरीचे महत्त्व वेगळे आहे. ते बाजाराचे शहर नव्हे. मशीनवर रंग मिसळून देणारे दुकान गाठायचे तर बहुधा जिंतूर नाही तर परभणी. परभणी शहरात एक लिटर प्रायमर कमी पडला तर पोऱ्याला सायकलवर पाठवता येते. येलदरीत तोच एक लिटर अर्धा दिवस खातो, आणि त्या अर्ध्या दिवसाची मजुरी कोणाच्या तरी खिशातून जातेच. म्हणून माप आणि अंदाज यांची किंमत शहरापेक्षा अशा गावात जास्त आहे.

जमिनीचे माप आणि भिंतीचे माप

दहा बाय बाराची खोली म्हणजे १२० चौरस फूट, हे सर्वांना माहीत आहे. पण रंग फरशीला लावायचा नसतो. खोलीची उंची दहा फूट धरली तर चारी भिंतींचा घेर ४४ फूट आणि भिंतींचे क्षेत्र ४४० चौरस फूट होते. त्यातून सात बाय तीनचा एक दरवाजा (२१ फूट) आणि चार बाय तीनची एक खिडकी (१२ फूट) वजा केली की ४०७ उरतात. छताचे १२० मिळवले की ५२७ चौरस फूट. आपल्याकडच्या भाषेत सव्वापाच ब्रास, सरकारी अंदाजपत्रकाच्या भाषेत सुमारे ४९ चौरस मीटर. म्हणजे ग्राहकाच्या मनात १२० फुटांची खोली असते आणि कारागिराच्या हातून त्याच्या चौपटीहून जास्त काम व्हायचे असते. छताची उंची आठ फूट की अकरा फूट, एवढ्या एका गोष्टीने मजुरीत मोठा फरक पडतो, पण तोंडी सौद्यात उंचीचा उल्लेखही होत नाही.

दारे-खिडक्या वजा करायच्या की नाही, यावरून भांडणे होतात. बांधकामाच्या मोजमापाचे जे भारतीय मानक आहे (आय.एस. १२००), त्यात अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट करीत नाहीत, त्याहून मोठ्या जागेची करतात. झरोका, पंख्याचे भोक अशा गोष्टींवर ग्राहकाने वाद घालू नये. दरवाजा मात्र वजा झाला पाहिजे. काही कारागीर म्हणतात की चौकटीच्या कडेने ब्रश फिरवायला सपाट भिंतीपेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून आम्ही वजा करीत नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण मग ते काम सुरू होण्याआधी सांगावे. पैसे घेताना सांगितलेले खरे कारणही बहाणा वाटते.

मजुरी रंगाची नव्हे, तयारीची

रंगाचे दोन हात मारणे हा कामाचा सर्वात सोपा आणि सर्वात छोटा भाग आहे. खोलीतले सामान ओढून झाकणे, जुना रंग खरवडणे, भेगा भरणे, लांबीचे म्हणजे पुट्टीचे दोन हात ओढणे, ती वाळल्यावर पॉलिश पेपरने घासणे, धूळ झाडणे, प्रायमर लावणे, पुन्हा खड्डे दिसले तर भरणे, यात खरा वेळ जातो. ग्राहकाला यातले काहीच दिसत नाही. त्याला शेवटी फक्त रंग दिसतो, म्हणून तो रंगाचे पैसे देतो असे समजतो.

वरील ५२७ फुटांच्या खोलीचाच हिशेब करू. दर गावागणिक आणि दुकानागणिक बदलतात, म्हणून खाली दिलेले भाव फक्त हिशेबापुरते धरलेले आहेत. वाचकांनी त्या जागी आपल्या गावचा चालू भाव घालावा. मिस्त्रीचा रोज ८०० आणि मदतनिसाचा ६०० धरू. पुट्टीसह पूर्ण काम असेल तर दोघांना साडेचार दिवस लागतात. मिस्त्रीचे ३,६००, मदतनिसाचे २,७००, एकूण मजुरी ६,३००. म्हणजे फुटाला जवळपास १२ रुपये.

आता तीच खोली चार वर्षांपूर्वी नीट पुट्टी करून रंगवलेली आहे, भिंत धड आहे, फक्त दोन हात नवे मारायचे आहेत, असे समजा. तेव्हा दोघांचे दोन दिवस पुरतात. मजुरी २,८००, फुटाला सव्वापाच रुपयांच्या आसपास. खोली तीच, माप तेच, रंगाचा डबाही तोच, तरी मजुरी निम्म्याहून कमी. "शेजाऱ्याने तीन हजारात करून घेतली, तुम्ही सहा कसे मागता?" या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

आता साडेपाच हजारांच्या तोंडी सौद्याकडे पुन्हा पाहू. घर जुने निघाले. वर्षानुवर्षे ईदला आणि लग्नकार्याला चुन्याचे हात चढत गेलेले. चुन्यावर इमल्शन किंवा पुट्टी टिकत नाही, कारण खालची भुकटी सुटली की वरचे सगळे पोपड्यासकट खाली येते. म्हणून तो चुना खरवडावाच लागतो, आणि त्यात आणखी एक पूर्ण दिवस जातो. साडेचारचे साडेपाच दिवस झाले. मदतनिसाला रोजचे ६०० प्रमाणे ३,३०० द्यावेच लागतात. मिस्त्रीच्या हाती उरतात २,२००, म्हणजे दिवसाला ४००. ज्याच्या हाताला कला आहे, ज्याच्या नावावर काम मिळाले, तो आपल्या मदतनिसापेक्षा कमी कमावून घरी जातो. मग तो काय करतो? एक तर घासकाम उरकतो, नाही तर पुट्टीचा दुसरा हात गाळतो. सहा महिन्यांनी भिंत सोलते आणि गावात त्याचे नाव खराब होते. हे नुकसान त्या सातआठशे रुपयांच्या घासाघिशीपेक्षा कितीतरी मोठे आहे.

मराठवाड्याच्या भिंतीला आणखी दोन दुखणी आहेत. पहिले काळ्या मातीचे. ही जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आटून फाटते. पाया मुरुमापर्यंत नेलेला नसेल तर भिंतीही तिच्याबरोबर हलतात. चौकटीच्या कोपऱ्यातून तिरपी जाणारी भेग पेंटरने कितीही नीट भरली तरी पुढच्या मे महिन्यात ती पुन्हा डोकावते. यात पेंटरचा दोष नाही, पण आधी सांगितले नसेल तर दोष त्याच्याच माथी येतो. दुसरे दुखणे ओल आणि लोणा. जोत्यापासून दोन-तीन फुटांपर्यंत भिंत पांढरी फुलते, हाताला मिठासारखी भुकटी लागते. त्यावर कितीही महाग रंग लावा, पाणी यायचे थांबल्याशिवाय तो राहणार नाही. अशा ठिकाणी पेंटरने सरळ सांगावे की आधी गवंड्याचे काम आहे. एक काम हातचे जाईल खरे, पण ते काम घेऊन मिळणारी बदनामी तरी टळेल. नव्या प्लास्टरवरही घाईने रंग मागणारे असतात. प्लास्टरवर पाणी मारून ते किमान महिनाभर वाळू दिल्याशिवाय रंगाला हात घालू नये.

मालाचा हिशेब

खडबडीत भिंतीवर पुट्टीच्या दोन हातांना किलोमागे दहा-बारा फूट धरणे सुरक्षित असते. चांगले गुळगुळीत प्लास्टर असेल तर यापेक्षा बरेच जास्त जाते. बारा धरले तर ५२७ फुटांना ४४ किलो, म्हणजे चाळीस किलोची एक गोणी आणि पाच किलोची एक पिशवी. प्रायमर एका हाताला लिटरमागे १०० फूट धरला तर सहा लिटर आणावा. इमल्शन दोन हातांना लिटरमागे ६० फूट धरले तर पावणेनऊ लिटर, म्हणून दहा लिटरची बादली. पुट्टीचे १,०५०, प्रायमरचे ९००, साधारण प्रतीच्या इमल्शनचे २,५००, पॉलिश पेपर आणि किरकोळ २५० धरले तर माल ४,७०० चा होतो. मजुरी ६,३०० मिळवून खोली ११,००० ला पडते. यात मजुरीचा वाटा निम्म्याहून जास्त आहे.

ही गोष्ट ग्राहकाने नीट लक्षात घ्यावी. इमल्शनऐवजी डिस्टेंपर आणले तर दीड-पावणेदोन हजार वाचतील, पण खरवडणे, घासणे, पुट्टी, सगळी मजुरी तशीच राहते. डिस्टेंपरची भिंत ओल्या फडक्याने नीट पुसता येत नाही आणि तिला पुन्हा रंगवायची पाळी लवकर येते. भाड्याने द्यायच्या खोलीला, गोदामाला डिस्टेंपर चांगला. राहत्या खोलीला, आणि विशेषतः गिऱ्हाईक बसते त्या दुकानाला, आमच्या मते तो स्वस्त पडत नाही.

पाणी मिसळण्यावरूनही संशय फार. मालक समोर उभा राहतो आणि पेंटरने मग्ग्याने पाणी ओतले की त्याचे डोळे मोठे होतात. वास्तविक पाण्यात विरघळणारा रंग पाणी घालूनच लावायचा असतो. लिटरला किती घालायचे ते त्या डब्यावरच छापलेले असते आणि ते प्रत्येक मालाचे वेगळे असते. पेंटरने तो आकडा मालकाला आधीच दाखवावा, विषय तिथेच संपतो. छापील प्रमाणाबाहेर ओतणे ही मात्र उघड चोरी आहे, तिला दुसरे नाव नाही.

आता टोकनबद्दल. रंगाच्या डब्यात पेंटरसाठी टोकन टाकण्याची चाल या धंद्यात फार जुनी आहे. आता बऱ्याच ठिकाणी ते मोबाईलवर कोड टिपून खात्यात जमा होते. शिवाय काही दुकानदार गिऱ्हाईक आणल्याबद्दल पेंटरला वेगळे काही देतात. कंपनीने कारागिराला दिलेले टोकन त्याने घ्यावे, त्यात गैर काही नाही. पण टोकनासाठी दहाऐवजी वीस लिटरची बादली आणायला लावणे, किंवा ज्या दुकानात जास्त मिळते तिथलाच माल चांगला म्हणून सांगणे, याला दलाली म्हणतात आणि ती ग्राहकाच्या पैशातून जाते. उत्तम मार्ग असा की माल ग्राहकाने स्वतः पक्क्या बिलावर आणावा आणि टोकन कोणाचे ते आधी ठरवावे. रंगावरचा जी.एस.टी. २०१८ च्या जुलैत २८ वरून १८ टक्क्यांवर आला. बिल नको म्हणून चार पैसे वाचवणाऱ्याला माल खराब निघाल्यावर दाद मागायला कागद उरत नाही.

दुकानदार बंधूंनाही एक विनंती. मशीनवर मिसळलेला रंग दोन खेपांना तंतोतंत सारखा येईलच असे नाही. येलदरीसारख्या गावचे गिऱ्हाईक असेल तर पूर्ण लागेल तेवढा रंग एकाच वेळी मिसळून द्यावा आणि न उघडलेली पुट्टी, प्रायमर परत घेण्याची तयारी ठेवावी. हे करणाऱ्या दुकानाकडे पेंटर आपोआप येतात.

रोज की गुत्ते?

मराठवाड्यात उक्त्या कामाला गुत्ते म्हणतात. रोजाने लावले तर मालकाला वाटते माणसे रेंगाळतात, गुत्त्याने दिले तर वाटते काम उरकतात. दोन्ही तक्रारी पूर्ण खोट्या नाहीत. आमचे मत असे की एक-दोन खोल्या असतील आणि जुनी भिंत कशी निघेल याचा भरवसा नसेल तर खरवडण्याचे काम रोजाने आणि पुढचे फुटाने द्यावे. असा मिश्र सौदा फार कमी लोक करतात, पण दोघांचीही धास्ती तो कमी करतो. कारागीर बाहेरगावहून येत असेल तर जाण्यायेण्याचे, जेवणाचे कोणी बघायचे हेही त्यातच यावे. जिंतूरच्या पेंटरने येलदरीला जिंतूरचाच दर सांगितला तर बसभाडे त्याच्या मजुरीतून गेले असे समजावे.

आठशे रुपये रोज ऐकून काही जणांच्या भुवया वर जातात. पण रंगाचे काम बारमाही नाही. पावसाळ्यात भिंती वाळत नाहीत, पेरणीच्या दिवसांत गावात पैसा नसतो. वर्षात २०० दिवस काम मिळाले असे धरले तर वर्षाचे १,६०,००० होतात, महिन्याचे साडेतेरा हजारही नाहीत. त्यातून रोलर, ब्रश, घोडी, परांचीचे सामान आणि गाडीचे पेट्रोल जायचे असते. ज्याला मुलांच्या फीचा हिशेब करायचा आहे त्याने रोजाचा आकडा न पाहता वर्षाचा पाहावा आणि दर त्यावरून ठरवावा.

हंगामाचेही भान हवे. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या बाहेर जात नाही, पण ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. २००५ साली दिवाळी १ नोव्हेंबरला होती आणि रमजान ईद त्याच आठवड्यात आली, तेव्हा हिंदू-मुस्लिम सर्वांनाच एकाच वेळी पेंटर हवे होते. २०१६ साली ईद जुलैत, ऐन पावसाळ्यात आली. सध्या ती मार्चच्या आसपास येते आणि येत्या काही वर्षांत थंडीत जाईल, म्हणजे भिंती वाळण्याच्या दृष्टीने दिवस चांगले आहेत. तरी शाबानच्या शेवटी पेंटर शोधायला निघणाऱ्यांनी दर जास्त लागला तर कुरकुर करू नये. रोजा ठेवून दिवसभर छताकडे मान करून पुट्टी घासणे सोपे नाही. कारागिरांनीही रमजानमध्ये नेहमीच्या दिवसांचा वायदा करू नये. पाच दिवसांचे काम तेव्हा सात दिवस चालते, हे आधीच सांगावे.

उधारीचा प्रश्न वेगळाच. गावात "सोयाबीन आले की देतो", "कापूस विकला की देतो" हे सर्रास चालते. दुकानदार उधार देतो तेव्हा निदान वहीत लिहितो. पेंटर मजुरी उधार ठेवतो तेव्हा मदतनिसाला मात्र त्याच संध्याकाळी रोख देतो, आणि कुठे लिहूनही ठेवत नाही. याला एकच उपाय आहे, साध्या कागदावर चिठ्ठी. त्यात भिंतीचे आणि छताचे माप, पुट्टीचे किती हात, रंगाचे किती हात, कोणता माल, तो कोण आणणार, ओल आणि भेगांबद्दल काय ठरले, दर फुटाला किती, आणि पैसे कधी द्यायचे एवढे असावे. एक तृतीयांश काम सुरू होताना, एक तृतीयांश प्रायमर झाल्यावर, बाकी काम संपल्यावर, ही वाटणी दोघांनाही सोयीची पडते. दोघांच्या सह्या आणि मोबाईलवर त्या कागदाचा एक फोटो, बस. भाऊबंदांच्या, ओळखीच्या घरी तर चिठ्ठी आवर्जून करावी, कारण नाते तिथेच तुटते.

कारागिरांसाठी आणखी दोन गोष्टी. जुन्या ऑईल पेंटमध्ये शिसे असण्याचा संभव असतो. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या दारा-खिडक्यांना तो नव्हता. तो थर कोरडा घासू नये, पाणी लावून घासावा, तोंडाला मास्क बांधावा आणि लहान मुलांना खोलीत येऊ देऊ नये. दुसरी गोष्ट नोंदणीची. १९९६ च्या कायद्यामुळे उभ्या राहिलेल्या महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे रंगकाम करणाऱ्यालाही नोंदणी करता येते. वय १८ ते ६० हवे आणि मागील बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. गावात तो ग्रामसेवकाकडून मिळतो. वर सांगितलेल्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या असतील तर ९० दिवसांचा हिशेब दाखवणे सोपे जाते. २०२३ च्या पी.एम. विश्वकर्मा योजनेतील अठरा धंद्यांत गवंडी आहे, सुतार आहे, पेंटर नाही. म्हणून त्या योजनेच्या नावाने कोणी पेंटरकडून अर्जाचे पैसे मागत असेल तर देऊ नयेत. ज्या मुलांना हा धंदा शिकायचाच आहे त्यांनी आय.टी.आय.मध्ये 'पेंटर जनरल' हा दोन वर्षांचा ट्रेड आहे हे लक्षात ठेवावे.

काम संपल्यावर डब्याच्या तळाला उरलेला रंग पेंटरने घेऊन जाऊ नये आणि मालकानेही तो टाकून देऊ नये. झाकण घट्ट लावून, डब्यावर खोलीचे नाव, शेड नंबर आणि तारीख लिहून सावलीत ठेवावा. पुढच्या उन्हाळ्यात चौकटीच्या कोपऱ्यातली भेग उघडलीच, तर तेवढ्या रंगात तिचे काम भागते.